कुरुंद ते पॉलिशिंग मशीन : गाडीच्या झिलईचा इतिहास



आजचा विषय आहे गाडीच्या रंगावरचे बारीक ओरखडे आणि ते काढणारं पॉलिशिंग मशीन. इतिहासाच्या व्याख्यानमालेत हा विषय कशाला, असं काहींना वाटलं असेल. पण झिलई करणं हा आपल्याकडचा फार जुना धंदा आहे. आणि चंदगडमध्ये बसून त्याचा इतिहास बघितला, तर तो लांबचा राहत नाही. ज्या पदार्थानं आज जगभर गाड्या चमकवल्या जातात, त्याचा कच्चा माल आपल्या तालुक्यातल्या सड्यावर आहे. तिथपर्यंत आपण येऊच. आधी ओरखडा म्हणजे काय, ते बघू.

उन्हातलं जाळं

काळी किंवा गडद रंगाची गाडी दुपारच्या उन्हात उभी करा आणि बॉनेटवर सूर्याचं प्रतिबिंब बघा. त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतात. पुसणाऱ्यानं फडकं गोल फिरवलं म्हणून त्या उमटल्या, असं सगळे समजतात. खरं तर त्या रेघा गोल नसतातच. त्या वाटेल त्या दिशेनं गेलेल्या असतात. उजेडाला आडव्या पडणाऱ्या रेघाच आपल्या डोळ्याकडे उजेड फेकतात, बाकीच्या दडून राहतात. म्हणून प्रतिबिंबाभोवती वर्तुळ झाल्याचा भास होतो. तुम्ही एक पाऊल बाजूला सरका, वर्तुळही तुमच्याबरोबर सरकेल. म्हणजे तिथे जेवढं जाळं दिसतं, तेवढंच सगळ्या गाडीभर पसरलेलं आहे.

हे ओरखडे येतात कुठून? बहुतेक आपल्याच हातून. चंदगडचा पाऊस थांबला की रस्त्याकडेची तांबडी माती वाळते, उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात आणि गाडीवर धुळीचा थर बसतो. सकाळी आपण कोरडं फडकं घेतो आणि झटकून पुसतो. फडक्यात अडकलेला कण रंगावरून ओढला जातो. नवीन गाडीची पूजा झाली, गुलाल उधळला, तोही आपण कोरडाच पुसतो. एका पुसण्यानं काही दिसत नाही. वर्षभरात मात्र तीनशे वेळा पुसणं होतं.

मग ओरखडा काढायचा कसा? इथे शब्दानं आपली फसगत होते. आपण 'काढणं' म्हणतो, पण ओरखडा म्हणजे खाच. खाच उचलून बाहेर काढता येत नाही. तिच्या आजूबाजूचा रंग तिच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो. चमक वरून लावली जात नाही, घासून मिळवली जाते. दर वेळी झिलईची किंमत म्हणून थोडा माल द्यावा लागतो. आजच्या व्याख्यानात एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे. बाकीचा इतिहास म्हणजे ही किंमत कुणी, कशी आणि किती दिली याचा हिशेब आहे.

शिकलगाराचं ज्ञान

हा हिशेब आपल्याकडे सगळ्यात आधी शिकलगाराला कळला. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे शिकलगार हे आडनाव तुम्हाला जागोजागी भेटतं. त्या शब्दाच्या मुळाशी अरबीतला 'सैकल' आहे, अर्थ झिलई. तलवारी, भाले, कट्यारी यांचा गंज काढून, धार लावून, पात्याला आरशासारखं करणारा तो शिकलगार.

तो वापरायचा कुरुंद. कुरुंद म्हणजे रसायनाच्या भाषेत अॅल्युमिनियमचं ऑक्साइड. माणिक आणि नीलम हीसुद्धा कुरुंदाचीच रंगीत रूपं. खनिजांच्या कठीणपणाची जी मोजपट्टी आहे, तिच्यात हिरा १० वर, कुरुंद ९ वर आणि वाळूतली गारगोटी ७ वर बसते. कुरुंदाची पूड लाखेत मिसळून त्याची चाकं बनवायची आणि ती फिरवून पैलू पाडायचे किंवा धार लावायची, ही पद्धत भारतात जुनी आहे. हे चाक आजच्या ग्राइंडिंग व्हीलचा पूर्वजच म्हणायला हवा. लाख सोडली आणि कृत्रिम राळ आली, फरक तेवढाच.

हा दगड युरोपात पोचला तो इकडचं नाव घेऊनच. चार्ल्स ग्रेव्हिल यांनी १७९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत आशियातल्या या दगडावर निबंध सादर केला. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्द दक्षिण भारतातल्या भाषांतून गेलेला आहे आणि आपला कुरुंद त्याच कुळातला. पुढे १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन यांना विजेच्या भट्टीत एक अतिशय कठीण पदार्थ मिळाला. तो कार्बन आणि कोरंडम यांचा संयोग असावा, असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी त्याला 'कार्बोरंडम' नाव दिलं. प्रत्यक्षात ते सिलिकॉन कार्बाइड निघालं, पण नाव तेच राहिलं. आज गॅरेजमध्ये जो काळा वॉटर पेपर मिळतो, त्यावर बहुधा हेच दाणे असतात.

शिकलगाराचं काय झालं? १८७८ च्या शस्त्र कायद्यानं लोकांच्या हातातली हत्यारं कमी केली. तलवारीच्या झिलईचं काम आटलं आणि शिकलगार सुऱ्या, कात्र्या, अडकित्ते यांच्या धारेकडे वळले. पण त्यांच्याजवळ एक हिशेब होता. प्रत्येक धारेला पातं झिजतं, हे त्यांना डोळ्यांनी दिसत होतं. म्हणून चांगला कारागीर लागेल तेवढंच पातं खाई. जास्त घासून चकचकीत करणारा अडाणी समजला जाई.

घोडागाडीपासून ड्युकोपर्यंत

आता गाडीकडे येऊ. पहिल्या मोटारी रंगवल्या गेल्या त्या घोडागाडीच्या पद्धतीनं. तेलाचा रंग आणि व्हार्निश ब्रशनं लावायचं, ते वाळू द्यायचं, ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाच्या पुडीनं घासायचं, पुन्हा थर द्यायचा. एक गाडी पुरी व्हायला आठवडेच्या आठवडे जात. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात का निघाली, याचं उत्तर पुष्कळसं या वाळण्याच्या वेळेत आहे.

संस्थानिकांच्या घरी मात्र वेळेला तोटा नव्हता. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची १९३० च्या दशकातली मेबॅक गाडी आजही दसरा चौकात येते आणि माणसं सोन्याइतकीच तिच्या चमकेकडे बघतात. अशी गाडी इतकी वर्षं टिकते, तेव्हा तिच्यामागे न घासणाऱ्या हातांचंही श्रेय असतं, हे आपण ध्यानात घेत नाही.

१९२० च्या दशकात तीन शोध जवळजवळ हातात हात घालून आले. १९२१ मध्ये थ्री-एम कंपनीनं पाण्यातही टिकणारा घासकागद काढला, तोच आपला वॉटर पेपर. कोरड्या घासण्यानं उडणारी रंगाची विषारी धूळ त्यानं बसवली, म्हणून तो मोटार रंगवणाऱ्यांना हवाच होता. १९२५ मध्ये त्याच कंपनीतल्या रिचर्ड ड्रू यांनी दोन रंगांच्या गाड्या रंगवताना कडा सरळ यावी म्हणून मास्किंग टेप तयार केली. आणि यांच्या मधोमध, १९२३ मध्ये, ड्युपाँट कंपनीचा ड्युको हा रंग जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर आला. तो फवाऱ्यानं मारता येई आणि तासाभरात वाळे.

ड्युको हे व्यापारी नाव आपल्याकडे इतकं रुळलं की सामान्य नाम होऊन बसलं. आजही कपाटाला 'ड्युको मारून घ्या' म्हणणारा सुतार तुम्हाला मिळेल. पण या रंगाचा एक गुण होता, आणि आमच्या मते झिलईच्या धंद्याला आधुनिक वळण दिलं ते त्यानंच. ड्युको वाळला की मंद दिसे. चमक हवी, तर घासायलाच लागे. म्हणजे रंगाऱ्याच्या कामात 'रबिंग' हा स्वतंत्र टप्पा आला. आधी लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, प्रायमर, मग रंगाचे कितीतरी हात, मग वॉटर पेपर आणि शेवटी कंपाउंड घेऊन दिवसभर हातानं रगडायचं.

हे दिवसभराचं रगडणं करायचा कोण? गॅरेजमधला सगळ्यात लहान पोऱ्या. खांदा भरून येई, बोटांची सालं जात. अॅम्बॅसडर, जीप आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या फियाट या गाड्यांच्या जमान्यात आपल्या भागातले कितीतरी मिस्त्री असेच घडले. ते घासत होते तो थर जाड होता. कमी झाला तर त्याच गॅरेजमध्ये, त्याच डब्यातून पुन्हा मारता येत होता. किंमत होती, पण ती भरून काढता येत होती. घासण्याचा मालही हळूहळू देशात होऊ लागला होता. उरणजवळ मोरा इथे ग्राइंडवेलनं १९४१ मध्येच ग्राइंडिंग व्हीलचं काम सुरू केलं होतं.

मशीन आलं, आणि थर पातळ झाला

मग हाताच्या जागी मशीन आलं. जर्मनीतल्या फाइन कंपनीनं १८९५ मध्येच विजेवर चालणारं हातातलं ड्रिल बनवलं होतं. फ्लेक्स या दुसऱ्या जर्मन कंपनीनं १९५४ मध्ये अँगल ग्राइंडर आणला. त्याच घाटाच्या मशीनला दगडाऐवजी लोकरीचा बफ लावला आणि फेरे कमी केले, की झालं पॉलिशिंग मशीन. आपल्याकडे अजूनही कितीतरी ठिकाणी हेच चालतं. याला रोटरी म्हणतात. पॅड एकाच आसाभोवती फिरतं, दाबाल तेवढं खातं आणि तापतं. एका जागी दोन क्षण जास्त थांबलात, की 'कलर जळतो'. दाराच्या कडेवर, बॉनेटच्या उंचवट्यावर रंग पातळ असतो आणि पॅडचा सगळा भार तिथेच येतो, म्हणून जळण्याची सुरुवात कडेवरून होते. शिवाय रोटरी स्वतःच्या खुणा सोडते. उन्हात गाडी हलवली की लाटेसारख्या सावल्या सरकतात, त्या याच. जाळं घालवायला आणलेलं मशीन दुसरंच जाळं विणून जातं.

हे होत असतानाच रंगाची घडण बदलली. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून परदेशात आणि पुढे आपल्याकडेही रंग दोन भागांत येऊ लागला. खाली पातळ रंगीत थर, त्यात मेटॅलिक चमचम, आणि वर बिनरंगी क्लिअर कोट. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, १९९० नंतर नवनवीन कंपन्या आल्या आणि पाहता पाहता हीच पद्धत सगळीकडे झाली. चमक आता रगडून आणावी लागत नाही, ती कारखान्याच्या भट्टीतून पक्की भाजूनच येते.

पण हा क्लिअर कोट किती जाड असतो? साधारण ४० ते ५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची सगळी चमक, आणि उन्हापासून रंगाला राखणारी सगळी औषधं, केसापेक्षा पातळ पापुद्र्यात आहेत. मशीननं एकदा नीट पॉलिश केलं, तर पॅड आणि कंपाउंडप्रमाणे एकापासून तीन-चार मायक्रॉनपर्यंत थर जातो. मन लावून केलं तर गाडीच्या आयुष्यात हे काही वेळाच परवडतं. आणि गेलेला थर भट्टीतल्यासारखा परत चढवणं गल्लीतल्या गॅरेजला शक्य नाही.

बघा काय झालं. जुन्या जमान्यात थर जाड होता आणि घासणारा हात दमत होता. आता थर पातळ आहे आणि मशीन दमत नाही. शिकलगाराला जो लगाम त्याचा खांदाच घालत होता, तो आता माणसानं समजून घालावा लागतो.

यावर धंद्यानं एक उत्तर शोधलं, ते म्हणजे ड्युअल अॅक्शन मशीन. त्यात पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी छोट्या कक्षेत झुलतंही. त्यामुळे एकच दाणा एकाच रेघेत पुन्हा पुन्हा जात नाही, उष्णता कमी साठते आणि फार दाबलं तर पॅड फिरायचंच थांबतं. चुकणाऱ्या हाताला माफ करणारं मशीन म्हणा. मिलानजवळच्या रुपेस या १९४७ मध्ये सुरू झालेल्या कंपनीनं २०१० नंतर १५ आणि २१ मिलिमीटर झोक्याची मशीनं आणली आणि वेग व सुरक्षितपणा यांची सांगड बरीच जमली. आज बेळगाव, गडहिंग्लज, कोल्हापूरकडे 'डिटेलिंग' अशा पाट्या दिसतात, त्यांच्या आत बहुधा याच जातीची मशीनं असतात.

सड्यावरचा दगड

आता चंदगडकडे येऊ. आपल्या तालुक्याच्या डोंगरमाथ्यांवर जांभ्याचे सपाट सडे आहेत. लाखो वर्षांच्या पावसानं खडकातले विरघळणारे पदार्थ वाहून नेले आणि लोखंड व अॅल्युमिनियम मागे राहिलं. लोखंडानं माती तांबडी केली. अॅल्युमिनियम जिथे जास्त साठलं, तिथे बॉक्साइट झालं. कासारसड्याची बॉक्साइट खाण आपल्याच तालुक्यातली. बेळगावला १९६९ मध्ये इंडालचा अॅल्युमिना कारखाना उभा राहिला, तो पुढे हिंडाल्कोकडे गेला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सड्यांवरचं बॉक्साइट तिकडे जातं. १९५६ पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. भाषावार प्रांतरचनेत तालुका इकडे आला, कारखान्याची जागा तिकडे राहिली. दगडाला मात्र सीमाभाग ठाऊक नाही.

बॉक्साइट तसं मऊ असतं. त्यातून शुद्ध अॅल्युमिना काढून तो हजार अंशांच्या वर भाजला, की त्याचा स्फटिक बदलतो आणि तयार होतं ते कुरुंद. तोच शिकलगाराचा कुरुंद, आता पोत्यातून. पॉलिशिंग कंपाउंडच्या बाटलीत जो पांढरा लगदा असतो, त्यात घासणारे दाणे बहुतेक वेळा याच अॅल्युमिनियम ऑक्साइडचे असतात.

आता गाडीवर बसलेली धूळ आठवा. त्यातही लोखंडाची आणि अॅल्युमिनियमची संयुगं आहेत, वर वाळूचे कण. सोनार ज्या तांबड्या पुडीनं सोन्याला शेवटचा हात मारतात, तीसुद्धा लोखंडाचं ऑक्साइडच. म्हणजे ज्यानं गाडी खराब होते आणि ज्यानं ती दुरुस्त होते, ते पदार्थ एकमेकांचे सख्खे भाऊ. फरक दाण्याच्या मापाचा आहे. धुळीत एक कण मोठा, एक बारीक, एक टोकदार. मोठा कण खोल जातो आणि त्याची रेघ एकटी उठून दिसते. कंपाउंडमध्ये सगळे दाणे एका मापाचे. त्यांच्याही रेघा उमटतात, पण त्या इतक्या बारीक आणि सारख्या असतात की डोळ्याला त्या वेगळ्या दिसत नाहीत. आपण त्यालाच गुळगुळीत म्हणतो. दाणे चाळून एका मापाचे करणं, लाखेच्या चाकापासून आजच्या बाटलीपर्यंत झिलईच्या इतिहासातली प्रगती म्हणजे बरीचशी हीच.

मग करायचं काय?

हा इतिहास सांगण्यामागे आमचा एक हेतू आहे. चंदगडसारख्या ठिकाणी गाडी हौसेची कमी आणि पोटाची जास्त असते. कुणी वडाप करतो, कुणी काजूची पोती नेतो, कुणी कर्जावर घेतलेली गाडी भाड्यानं चालवतो. तिचा हप्ता फिटेपर्यंत तिची किंमत टिकली पाहिजे. जुन्या गाडीच्या बाजारात चकचकीत बॉनेट बघून सौदे होतात. तिथे दोन फसवणुकी चालतात. एक, तेल आणि मेण भरून ओरखडे झाकायचे. दोन-चार धुण्यांत ते पुन्हा वर येतात. दुसरी, दणकून मशीन मारून क्लिअर कोट अर्धा खायचा. ही पहिलीपेक्षा वाईट, कारण गाडी त्या दिवशी खरोखरच सुंदर दिसते. मग काही उन्हाळ्यांनी टपाचा पापुद्रा सुटू लागतो आणि तेव्हा ती गाडी तिसऱ्याच माणसाच्या दारात असते.

म्हणून नव्यानं या धंद्यात येणाऱ्या तरुणांना आम्ही शिकलगाराचाच नियम सांगू. आधी मोजा. रंगाची जाडी मोजायचं यंत्र आता मिळतं, ते मशीनइतकंच गरजेचं आहे. ज्या रेघेत नख अडकतं, ती पॉलिशनं पूर्ण जाणार नाही. ती बोथट करा आणि मालकाला तसं सांगा. गाडी भरपूर पाण्यानं धुऊन मगच हात लावा, नाहीतर सड्यावरची माती पॅडखाली जाऊन बसेल. कडांना टेप लावा. हातभर जागेवर सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात सौम्य कंपाउंड आधी वापरून बघा. तेवढ्यानं भागलं तर तिथेच थांबा. वर सिरॅमिक कोटिंग करणार असाल, तर ओरखडे गेल्याची खात्री आधी करून घ्या. ते कोटिंग खालच्या रेघा झाकत नाही, कोंडून ठेवतं.

गाडीवाल्यांना सांगणं याहून सोपं. कोरडं फडकं बंद करा. आधी पाणी, मग साबण, वरून खाली, आणि फडकं खळबळायला दुसरी बादली. चाकांचं फडकं बॉनेटला नको. आपल्याकडे चार महिने आभाळच गाडी धुतं, राहिलेल्या आठ महिन्यांत एवढं केलं तरी मशीन लागण्याची वेळ बरीच लांबते.

शिकलगारांच्या कामाची दखल बखरींत फारशी घेतली गेली नाही, रबिंग करणाऱ्या पोऱ्यांची तर कुठेच नाही. तुमच्या गावात असा कुणी जुना रंगारी, जुना मिस्त्री असेल, तर त्याच्याजवळ बसा. थर किती उरला, हे तो रंगावर बोट फिरवून आणि आवाज ऐकून कसं ओळखत होता, ते विचारून लिहून ठेवा. यंत्रानं आकडा कळतो, कुठे थांबायचं ते अशा माणसांकडूनच शिकायचं असतं.

आम्ही इथे थांबतो. कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.